विषाणू कुठल्या खाटेवरून आला?

६ ऑगस्ट २०२१ ला भंडारा जिल्ह्याची एक चांगली बातमी आली होती. कोरोनाचा शेवटचा रुग्ण बरा होऊन घरी गेला, सक्रिय रुग्णांचा आकडा शून्यावर आला आणि भंडारा हा राज्यातला पहिला कोरोनामुक्त जिल्हा ठरला. तिथल्या डॉक्टर, नर्स आणि आशाताईंनी सव्वा वर्ष जी काय मेहनत घेतली तिचं हे फळ होतं, त्याबद्दल वाद नाही.

वाद वेगळ्याच गोष्टीचा आहे. त्या काळात रोज संध्याकाळी राज्याचा तक्ता यायचा. बाधित किती, बरे किती, मृत किती, सक्रिय किती. त्या तक्त्यात एक रकाना कधीच नव्हता. ह्यातले किती जण आजार घेऊन दवाखान्यात आले, आणि किती जणांना तो दवाखान्यात आल्यावर लागला? पाय मोडला म्हणून दाखल झालेला म्हातारा, बाळंतपणाला आलेली बाई, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येणारा शिक्षक, आणि ह्या सगळ्यांची उशी बदलणारी आया. ह्यांना कोरोना कुणी दिला?

हा प्रश्न एकट्या भंडाऱ्याचा नाही. पुण्या-मुंबईच्या चकचकीत हॉस्पिटलांनाही तो लागू आहे. पण तो सोडवायचं तंत्र आज उपलब्ध आहे आणि आपण ते जवळजवळ फक्त 'देशात कुठला व्हेरियंट फिरतोय' हे मोजायला वापरलं, असं माझं म्हणणं आहे. विषाणूची जनुकीय क्रमवारी, म्हणजे आपण पेपरात वाचतो ते जिनोम सिक्वेन्सिंग, वॉर्डाच्या पातळीवर यायला हवं. आणि त्याची सुरुवात मोठ्या शहरात नाही, जिल्हा रुग्णालयात व्हायला हवी.

आधी तंत्र काय आहे ते बघू. आपल्या लोकांना हे समजायला दोन मिनिटं पुरतील, कारण आपण रोज हेच काम करतो.

कोरोनाच्या विषाणूचा जिनोम म्हणजे साधारण तीस हजार अक्षरांची एक फाइल. अक्षरं चारच. विषाणू एका माणसातून दुसऱ्यात जाताना ह्या फाइलची कॉपी होते आणि कॉपी करताना अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. ढोबळमानाने एका साखळीत महिन्याला दोन अक्षरं बदलतात. आता दोन रुग्णांच्या विषाणूंच्या फायली घ्या आणि डिफ काढा. पंधरा-वीस अक्षरांचा फरक आला तर एकाने दुसऱ्याला गेल्या आठवड्यात आजार दिला ही शक्यता निकालात निघाली. दोघं शेजारच्या खाटांवर असले तरीही! फरक शून्य किंवा एक आला, तर मात्र त्यांच्यात जवळचं नातं असू शकतं.

'असू शकतं' हा शब्द मुद्दाम वापरलाय. कारण महिन्याला दोनच अक्षरं बदलत असतील तर आठवडाभरात चार जणांना लागलेल्या विषाणूची फाइल अगदी सारखी असणार. कुणी कुणाला दिला, बाण कुठल्या दिशेने काढायचा, हे नुसत्या फाइलवरून सांगता येत नाही. शिवाय गावात एकच वाण जोरात फिरत असेल तर दोन अनोळखी माणसांचे विषाणूही सारखेच निघतील. म्हणजे ही फाइल 'नाही' फार ठामपणे सांगते, 'हो' मात्र जपून सांगते. दिशा शोधायची तर लॉग लागतो. कोण कुठल्या खाटेवर किती तारखेपासून होतं, कुठल्या सिस्टरची ड्युटी कुठे होती, एक्सरेला नेलं कधी, रेफर केलं कधी. डिफ आणि लॉग दोन्ही हातात असल्याशिवाय बग सापडत नाही हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

ह्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. डर्बनच्या सेंट ऑगस्टिन्स रुग्णालयात मार्च-एप्रिल २०२० मध्ये ३९ रुग्ण आणि ८० कर्मचारी बाधित झाले. १५ रुग्ण दगावले. तुलिओ दे ऑलिव्हेरा आणि रिचर्ड लेसल्स ह्या शास्त्रज्ञांच्या गटाने नमुने तपासले, तर विषाणू एकमेकांच्या अगदी जवळचे निघाले. म्हणजे बाहेरून अनेक जणांनी आजार आणलेला नव्हता, बहुधा एकदाच आला होता. मग त्यांनी वॉर्डांच्या नोंदी काढल्या. ९ मार्चला युरोपातून परतलेला एक रुग्ण तातडीच्या विभागात काही तास होता. त्याच वेळी पक्षाघाताच्या शंकेने आणलेला दुसरा रुग्ण तिथे होता. तिथून ती साखळी निघाली आणि वॉर्डावॉर्डांतून फिरत डायलिसिस केंद्रापर्यंत, एका वृद्धाश्रमापर्यंत पोचली. रुग्णांना एका वॉर्डातून दुसऱ्यात हलवणं हे साखळी पसरण्याचं एक मोठं कारण दिसलं.

ह्यातून निघालेला धडा अगदी साधा होता. रुग्ण कमी हलवा, कोविड आणि बिगर-कोविड रस्ते वेगळे करा, कर्मचाऱ्यांची नियमित तपासणी करा. ह्यात नवीन काय, असं कुणीही म्हणेल. नवीन हे, की ह्या वेळी तो सल्ला नुसता अंदाज नव्हता. त्याच्यामागे पुरावा होता.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयाचं. तिथे मार्च-एप्रिल २०२० मध्ये २९९ रुग्णांच्या विषाणूंची क्रमवारी काढली. त्यात अगदी सारखे विषाणू असलेले ३५ गट सापडले, त्या गटांत १५९ रुग्ण. नोंदी ताडून बघितल्यावर त्यातल्या ९२ जणांचा एकमेकांशी पक्का संबंध लागला आणि आणखी ३२ जणांचा लागू शकेल असं दिसलं. त्यात एक गट बाहेरून डायलिसिसला येणाऱ्या रुग्णांचा होता. त्यांचा छडा लावताना लक्ष गेलं ते त्यांना एकत्र ने-आण करणाऱ्या गाडीकडे.

गाडीकडे! वॉर्ड तुम्ही कितीही फिनेलने पुसा, साखळी गाडीत असेल तर काय उपयोग? आता हे चित्र जरा आपल्याकडे आणा. लाखांदूर, तुमसर, साकोलीकडून जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिसला येणारा माणूस एसटीने येतो नाहीतर काळी-पिवळीत नऊ जणांबरोबर बसून येतो. तब्येत बिघडली की भंडाऱ्याहून 'मेडिकल'ला, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रेफर होतो, आणि बरा झाला की परत गावी. भंडारा ते नागपूर अंतर साठेक किलोमीटर. पूर्व विदर्भाचं हे रोजचं नेटवर्क आहे, आणि विषाणूला त्यातला प्रत्येक थांबा चालतो. केंब्रिजच्या एका रुग्णालयाला जे कोडं पडलं त्यापेक्षा हे कोडं सोपं नाही, उलट अवघड आहे. म्हणूनच अंदाजावर सोडण्यासारखं नाही.

आपण महाराष्ट्रात काय केलं? सिक्वेन्सिंग केलं नाही असं मुळीच नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने दहा प्रयोगशाळांचं 'इन्साकॉग' हे जाळं उभं केलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये भंडाऱ्यापासून फार लांब नसलेल्या अमरावतीत रुग्ण अचानक वाढले, २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी लावावी लागली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट बदल दिसतात हे जाहीर केलं ते २४ मार्चला. त्याच घराण्यातल्या एका शाखेला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने 'डेल्टा' हे नाव दिलं. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई महापालिकेने कस्तुरबा रुग्णालयात स्वतःची प्रयोगशाळा काढली, एका वेळी ३८४ नमुने तपासणारी. पहिल्या १८८ नमुन्यांत १२८ डेल्टाचे निघाले.

हे सगळं हवंच होतं. पण ह्या सगळ्याचं उत्तर टक्क्यांत येतं. अमुक टक्के डेल्टा, तमुक टक्के दुसरा काही. ते धोरण ठरवणाऱ्याच्या कामाचं. वॉर्ड नंबर चारच्या इन्चार्ज सिस्टरला त्याचा उपयोग काय? तिला जाणून घ्यायचं असतं की काल पॉझिटिव्ह आलेले तीन पेशंट एकमेकांचे आहेत की तीन वेगळ्या गावांतून आलेत. एकमेकांचे असतील तर वॉर्डात काहीतरी चुकतंय. नसतील तर दाखल करतानाची तपासणी चुकतेय. दोन्हींचे उपाय निराळे आहेत. चुकीचा उपाय केला तर मेहनत तेवढीच पडते आणि आजार चालूच राहतो.

देशात हे कुणी केलंच नाही असंही नाही. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांत लस घेतलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना झालेल्या संसर्गाचा अभ्यास २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. त्यात कर्मचाऱ्यांचे अगदी सारख्या विषाणूंचे गट दिसले होते, म्हणजे डेल्टा त्यांच्यात आपापसात पसरत होता. पण हा अभ्यास होता, संशोधन निबंध होता. रुग्णालयाच्या रोजच्या कारभाराचा भाग नव्हता.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप तुमच्या मनात आलाच असेल. ज्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, तिथे कसलं सिक्वेन्सिंग घेऊन बसलात? आधी वायरिंग बघा, नर्स नेमा, पाणी द्या.

हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. त्या रात्री सात बाळं वाचवता आली, दहा नाही, आणि त्यापुढे कुठल्याही मशीनच्या गप्पा मारायला जीभ रेटत नाही. पण त्या घटनेनंतर काय झालं ते आठवा. 'फायर ऑडिट' हा शब्द राज्यभर घरोघरी पोचला. रुग्णालय ही जागा स्वतःच माणसाच्या जिवावर उठू शकते, आणि ती तपासायची असते, हे सगळ्यांना पटलं. मला तेवढंच पुढे न्यायचं आहे. आग लागली की धूर दिसतो, चौकशी समिती बसते. दवाखान्यात लागलेल्या संसर्गाने माणूस गेला तर कागदावर आजाराचं नाव येतं आणि विषय संपतो. 'दवाखान्यात लागला' हे कुठे लिहिलंच जात नाही, तर त्याचं ऑडिट कोण करणार?

शिवाय भंडाऱ्यात महागडं मशीन बसवा असं मी म्हणतच नाही. (तसं केंब्रिजच्या लोकांनी वापरलं त्या नॅनोपोर जातीचं एक यंत्र हाताच्या पंजात मावतं, पण ते चालवणारी माणसं आणि लागणारी रसायनं पंजात मावत नाहीत.) भंडाऱ्यात तीन गोष्टी लागतील. संशयास्पद नमुना फेकून न देता खोल गारठ्यात जपून ठेवणारा फ्रीझर, खाटांची आणि ड्युट्यांची नीट नोंद, आणि नमुना रोज नागपूरला नेणारी गाडी. नागपूरला 'नीरी' आहे. नाकात काडी न घालता मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर आरटी-पीसीआर करायची सोपी पद्धत तिथल्याच शास्त्रज्ञांनी काढली आणि मे २०२१ मध्ये तिला आयसीएमआरची मान्यता मिळाली. पुढे तिथे जनुकीय क्रमवारीचं कामही झालं. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं त्यात भंडाराही आहे. म्हणजे आता जिल्ह्यात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असणार, प्राध्यापक असणार, विद्यार्थी असणार. हे काम त्यांना पहिल्या बॅचपासून का देऊ नये?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ह्याने खरंच आजार कमी होतो का? ब्रिटनमध्ये १४ रुग्णालयांत ह्याची पद्धतशीर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. सिक्वेन्सिंगमुळे रुग्णालयातला संसर्ग कमी झाला असं त्या चाचणीत दिसलं नाही. हे प्रामाणिकपणे सांगायलाच हवं, नाहीतर आपल्यात आणि मशीन विकणाऱ्यांत फरक काय? पण त्याच अभ्यासात दुसरंही दिसलं. जिथे अहवाल पाच दिवसांच्या आत हातात पडला तिथे संसर्ग नियंत्रणाच्या कामात त्याचा उपयोग झाला. उशिरा आलेला अहवाल फाइलला लागला.

हे वाचून आपल्यापैकी कुणाला नवल वाटू नये. सर्व्हर डाऊन झाल्यावर तीन आठवड्यांनी आलेला अलर्ट काय कामाचा? आपल्याकडे मात्र नमुना पुण्याला किंवा दिल्लीला जाणार, तिथे रांगेत थांबणार आणि उत्तर येईपर्यंत पेशंट एकतर घरी गेलेला नाहीतर वर गेलेला, हीच रीत पडली. म्हणून माझी पहिली अट वेळेची. पाच दिवसांत उत्तर वॉर्डात पोचत नसेल तर तो खर्च नर्सच्या पगारावर करा, मी टाळ्या वाजवीन.

दुसरी अट नोंदींची. तिच्याबद्दल वर बोललोच. तिची गंमत अशी की नोंदी नीट झाल्या तर सिक्वेन्सिंगशिवायही अर्धी कोडी सुटतात.

तिसरी अट शिक्षेची, म्हणजे शिक्षा न करण्याची, आणि मला तीच सगळ्यात कठीण वाटते.

आपल्याकडे दवाखान्यात काही झालं की पहिला प्रश्न येतो, 'ड्युटीवर कोण होतं?' आता कल्पना करा की नागपूरहून कागद आला आणि त्यावर लिहिलंय की तीन पेशंटचा विषाणू आणि अमुक सिस्टरचा विषाणू एकच आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून येईल? व्हॉट्सॲपवर काय फिरेल? त्या सिस्टरला पेशंटकडून लागला की पेशंटना तिच्याकडून, हे त्या फाइलमधून कळत नाही हे मी वर लिहिलंय, पण ते तळटीप वाचणाऱ्यांना. बाकीच्यांना नाव मिळालं की पुरे. आणि एकदा असं झालं की पुढच्या वेळी कुठलीही सिस्टर नमुना द्यायला पुढे येणार नाही, आणि तिचं काही चुकलं असं कोण म्हणेल?

आमच्या धंद्यात ह्याला 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' म्हणतात. (दवाखान्याच्या संदर्भात शब्द भलताच वाटतो, पण रूढ तोच आहे.) कुणी बटण दाबलं हे विचारायचं नाही, ते बटण दाबता येईल अशी रचना का होती हे विचारायचं. ती सिस्टर ताप अंगात घेऊन कामावर का आली? कारण तिच्या जागी यायला दुसरं कुणी नव्हतं. मग उत्तर मिळालं ना!

गंमत म्हणजे हेच तंत्र आरोग्य कर्मचाऱ्यांचं रक्षणही करू शकतं. लिबियातल्या बेंगाझीच्या बालरुग्णालयात चारशेहून जास्त मुलांना एचआयव्ही झाला. पाच बल्गेरियन नर्स आणि एक पॅलेस्टिनी डॉक्टर ह्यांनी तो मुद्दाम टोचला असा आरोप ठेवून १९९९ मध्ये त्यांना धरलं आणि पुढे फाशीची शिक्षा सुनावली. डिसेंबर २००६ मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला. मुलांमधल्या विषाणूंची क्रमवारी सांगत होती की हे वाण त्या रुग्णालयात मार्च १९९८ च्या आधीपासून, म्हणजे हे लोक तिथे यायच्या आधीपासून पसरत होते. कोर्टाने त्याच महिन्यात शिक्षा कायम केली खरी, पण जगभरातून दबाव आला आणि जुलै २००७ मध्ये सगळे सुटले. त्या अभ्यासात आघाडीवर होते तेच तुलिओ दे ऑलिव्हेरा, ज्यांनी पुढे डर्बनच्या रुग्णालयाचा छडा लावला. मी वर म्हटलं तसं ही फाइल 'नाही' फार ठामपणे सांगते, आणि तशा एका ठाम 'नाही'ने सहा निरपराध माणसांच्या बाजूने साक्ष दिली.

शेवटचा मुद्दा. कोरोना संपला, आता हे कशाला, असं कुणी म्हणेल. मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्ही झाल्याचं उघड झालं. ह्या मुलांना जगण्यासाठी सारखं रक्त घ्यावं लागतं. भंडारा, गोंदिया, नागपूर हा सिकलसेलचाही पट्टा आहे, तिथल्याही अनेक रुग्णांवर रक्त घ्यायची वेळ येते. हेपेटायटिस सी डायलिसिसच्या मशीनभोवती पसरू शकतो. हे विषाणू वेगाने बदलतात, त्यामुळे त्यांची साखळी कोरोनापेक्षाही चांगली उकलता येते. स्पेनमध्ये वॅलेन्सियाच्या एका भूलतज्ज्ञाकडून २७५ रुग्णांना हेपेटायटिस सी झाल्याचं २००७ मध्ये कोर्टात सिद्ध झालं, त्यात हाच पुरावा होता. काही रुग्णांचा विषाणू वेगळा निघाला, म्हणून ते त्या यादीतून बाहेरही पडले.

त्या चार मुलांच्या आईबापांचा प्रश्न काय असेल? कुठल्या पिशवीतून आला, एवढाच. आणि आमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलाला तो येणार नाही ना? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दरवेळी मिळेलच असं नाही. रक्तदात्याचा नमुना जपलेला नसेल तर कुठलंच मशीन मदत करणार नाही. पण तो जपायचा की फेकायचा हे ठरवायला शास्त्रज्ञ लागत नाही. एक फ्रीझर लागतो, एक वही लागते, आणि वहीत खरं लिहिलं म्हणून कुणाची नोकरी जाणार नाही एवढी हमी लागते.

तेवढं भंडाऱ्यात झालं तर पुढच्या साथीच्या तक्त्यात तो एक रकाना नक्की येईल. त्यातला आकडा सुरुवातीला वाईटच दिसेल. तो वाईट दिसला म्हणून कुणी ओरडू नये, इतकंच आपण बाहेरच्यांनी करायचं आहे.